पेंढ्यातल्या काचा

“मग, कुठल्या जहाजाचे निघाले ते उंदीर?” थोरलीने चपला काढायच्या आतच बाबांनी विचारले.

तिने पाणी पिण्याचे निमित्त केले. बेटावरच्या उंदरांच्या शेपट्यांचे तुकडे स्पिरिटमध्ये बुडवून तिच्या प्रयोगशाळेत आले होते. त्यांचे रक्ताचे नाते कुठल्या बंदरातल्या उंदरांशी जुळते, हे शोधायचे तिचे काम. बाबांना उत्तर आधीच पाठ होते. बेटाजवळ परदेशी जहाज फुटले, त्यातले उंदीर पोहत बेटावर गेले, त्यांनी पक्ष्यांची अंडी फस्त केली आणि किलबिलणारे बेट मुके झाले. ही गोष्ट त्यांनी गल्लीतल्या दोन पिढ्यांना तिखटमीठ लावून सांगितली होती. तिथल्या दीपगृहाला सामान पोचवणारे बोटवाले ते एकटेच, तेव्हा शंका कोण घेणार?

खोटे बोलणे सोपे होते. प्रयोगशाळेचा अहवाल बाबा थोडाच वाचणार होते? पण जन्मभर खोट्याची चीड असलेल्या माणसापुढे तिची जीभ रेटेना.

“जहाजाचे नाहीत, बाबा. आपल्या धक्क्यावरचे आहेत.”

त्या धक्क्यावरून बेटाकडे एकच बोट जायची.  बाबा सांगू लागले, की प्रत्येक पोते ते धक्क्यावर उपडे करून, झटकून मगच बोटीत चढवत; त्यात कधी हयगय केली नाही. फक्त दिव्याच्या काचा पेंढ्यात भरलेल्या असायच्या. ती पेटी उपडी करायची कशी? काच फुटली तर दिवा बंद. तेवढी पेटी ते मांडीवर घेऊन बसत.

“असेल एखादी गाभण उंदरीण पेंढ्यात,” ते म्हणाले. “मांडीवर बसवून नेली मी तिला.”

थोरलीला रडू फुटले. तुमचा काय दोष, असे ती म्हणायला गेली, तर त्यांनी हातानेच थांबवले.

दुसऱ्या दिवशी शेजारचे मास्तर नातीला घेऊन आले. तिला फुटलेल्या जहाजाची गोष्ट ऐकायची होती. बाबा खुर्चीत सावरून बसले.

“जहाजबिहाज काही नाही. उंदीर मी नेले, माझ्या बोटीतून.”

मास्तर खो खो हसले. आजोबा आज थट्टेच्या रंगात आहेत, असे त्यांनी नातीला सांगितले.

“मीच नेले,” बाबा पुन्हा म्हणाले.

मास्तरांचे हसू ओसरले. वय झाले, चालायचेच, असे त्यांनी थोरलीला डोळ्यांनीच खुणावले. खरे आहे ते, असे ती म्हणालीही, पण तोवर मास्तरांनी स्वतःच गोष्ट सुरू केली होती, अगदी बाबांच्याच शब्दांत. बाबांनी मान खाली घालून ती शेवटपर्यंत ऐकली.