अर्जातली शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुनं इंग्रजी विशेषण आहे. ओबीडिअंट माझं नाव, आज्ञाधारक हा माझा अर्थ. इंग्रजांबरोबर मी बोटीतून आलो आणि ठाण्याच्या कचेऱ्यांत रमलो. प्रत्येक अर्जाच्या शेवटी ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ असं इंग्रजीत लिहायचा रिवाज होता. माझ्यावाचून कोणाचं पान हलत नसे. काय तोरा होता माझा!

कचेरीबाहेर हरिहरभाऊ टाइपरायटर घेऊन बसत. १९५२ साली सुहासिनी नावाची नर्स त्यांच्याकडे आली. नोकरी जव्हारच्या सरकारी दवाखान्यात, आणि आई डोंबिवलीला एकटी अंथरुणाला खिळलेली. तिला कल्याणला बदली हवी होती.

अर्ज वाचून ती म्हणाली, “भाऊ, ही शेवटची ओळ काढा. इंग्रज जाऊन पाच वर्षं झाली. मी कोणाची दासी नाही.”

“अहो बाई, पद्धत आहे ती. राहू द्या.”

“नाही म्हणजे नाही. ‘आपली विश्वासू’ पुरे.”

भाऊंनी नवा कागद चढवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला!

महिन्याने अर्ज जव्हारला परत गेला. ‘नमुन्याप्रमाणे नाही’ असा हेडक्लार्कचा लाल शेरा होता. सुहासिनीने मुकाट्याने नवा अर्ज लिहिला आणि शेवटी मला घातलं. इतक्या सुरेख अक्षरात मला कोणी लिहिलं नव्हतं, आणि इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती.

बदलीचा हुकूम निघाला, तेव्हा तिच्या आईला जाऊन चार दिवस झाले होते.

हरिहरभाऊंना हे कळलं. त्यांनी पुन्हा मला टाइप केलं नाही. हळूहळू इतरांनीही सोडलं. आता शब्दकोशाच्या एका पानावर मी पडून असतो. फार एकटं वाटतं हो. पान उलटणारी बोटं दुसऱ्याच शब्दाकडे जातात.

माझं मूळ लॅटिन आहे. तिथे माझ्या पोटात ‘ऐकणं’ होतं, कान देणं. हे कोणाला सांगू? हेडक्लार्कने शेवटची ओळ तेवढी तपासली. वरच्या ओळींत एक म्हातारी लेकीची वाट बघत होती, ती त्याला दिसलीच नाही.

मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल. पण उद्या तुमच्या टेबलावर कोणाचा अर्ज आला, तर वरपासून वाचा. आणि त्याच दिवशी वाचा.