डावा दिवा

मास्तरांनी बत्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. गल्लीतल्या निम्म्या माणसांनी क्लचवर पहिला पाय ठेवला तो त्यांच्या शेजारी बसून. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिकवणीची जुनी गाडीच घेऊन टाकली, शेजारच्या सीटपुढचा जादा ब्रेक काढला आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत ती हौसेने चालवली. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलीचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं. पन्नाशीला आली तरी ती सगळ्यांची ठकीच. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती काम करायची. हात असा साफ, की तिने घासलेला दात तोंडात कुठे खुपायचा नाही. जिभेचं मात्र तसं नव्हतं.

मागच्या वर्षी एका मंगळवारी दुपारी मास्तर मित्राकडे बुद्धिबळ खेळून परतले. ठकी त्या दिवशी घरीच होती. फाटक उघडायला म्हणून ती बाहेर आली आणि गाडी आत वळताना तिला दिसलं, डावा हेडलाइट फुटलाय. काचेला मूठ जाईल एवढं भोक, आणि बंपरचा कोपरा आत दबलेला.

"बाबा, कुठे ठोकलीत?"

मास्तर उतरले. गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले. "मला तर काही कळलं नाही गं."

"एवढा दिवा फुटला आणि कळलं नाही?"

"सकाळी निघताना पुढून पाहिलंच नाही मी. गाडी भिंतीकडे तोंड करून होती, तसाच बसलो." ते स्वतःवरच चिडले. "जन्मभर पोरांना सांगितलं, बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. आणि माझं बघ."

इथे ठकीने थांबायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"आज दिवा फुटला, बाबा. उद्या एखाद्याचं पोर असेल चाकाखाली. तेव्हाही कळलं नाही म्हणाल?"

 मास्तरांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि घरात जाऊन हातपाय धुतले. संध्याकाळी तिने धाकट्या भावाला फोन करून सगळं सांगितलं. भाऊ लांब राहत होता; लांबच्या माणसाला निर्णय झटपट घेता येतात. "बरं केलंस," तो म्हणाला. "त्यांचं वय झालंय." समोरच्या बाईंनाही तिने सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही. सांगताना तिला आपण जबाबदार असल्यासारखं वाटायचं.

गाडी फाटकाच्या आत उभी राहिली ती आठ महिने. ठकी आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून बंद करायची, एवढंच. मास्तर भांडले असते, रुसले असते, तर बरं झालं असतं. ते नुसते विचारायला लागले. "ठके, खिडकी उघडू का?" "ठके, गॅस मी पेटवू, की तू येतेस?" आधी तिला हा समजूतदारपणा वाटला. मग सवय झाली. मित्राचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलाव्या लागत, त्यामुळे बुद्धिबळ सुटलं. थंडीत मित्र आजारी पडला. "नेऊ का तुम्हाला?" असं ठकीने विचारलं की मास्तर म्हणायचे, "तुला सुट्टी कुठे आहे?" आणि तिला खरंच नसायची. ती त्यांना एकदा स्कूटरवरून घेऊन गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा मित्राला शेवटचं घराबाहेर काढायची तयारी चालली होती, दाराशी तिरडी बांधत होते.

मग गाडी विकायची ठरली. विषय मास्तरांनीच काढला. लॅबमधल्या एकीच्या दिराला जुनी गाडी हवी होती, फक्त दिवा बसवून द्या म्हणाला. गॅरेजवाल्याने चार दिवस सांगितले.

"चार दिवस कशाला?" मास्तर म्हणाले. "चार बोल्टांचं काम. जुन्या भागांच्या दुकानातून दिवा आण. तू करशील."

रविवारी सकाळी ठकीने जुना झगा चढवला, पायरीजवळ चादर अंथरली आणि दोन पाने, स्क्रू ड्रायव्हर, चिमटा ओळीने मांडले. मास्तर खुर्ची घेऊन शेजारी बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जुनी धार आली.

"आधी बॅटरीची काळी वायर. लाल नाही. काळी."

"काळीच काढतेय, बाबा."

"बोलू नकोस, कर. आता वरचे दोन बोल्ट. दहाचा पाना. काढलेले बोल्ट खिशात नको, वाटीत. खिशातले बोल्ट धुण्यात सापडतात."

वरचे दोन लगेच निघाले. उरलेले दोन बंपरच्या आड होते, म्हणून बंपरचा डावा कोपरा सैल करावा लागला. एक सहज सुटला, दुसरा गंजलेला. ठकीने तेल सोडलं, थांबली, पुन्हा जोर लावला. करकरत निघाला. दिव्यामागचा प्लग तिने ओढला, तर मास्तर ओरडले, "वायर नको ओढू! मान धरून ओढ. दात उपटताना मुळाला धरतात की शेंड्याला?"

"मी दात उपटत नाही, बनवते."

"तेच ते."

दोघंही हसले. फुटका दिवा सुटा होऊन तिच्या मांडीवर आला. मागच्या पोकळीत सुकी पानं, माती, काचेचे तुकडे साचले होते. ती चिमट्याने एकेक तुकडा काढून कागदावर ठेवू लागली. शेवटी एक तुकडा निघाला तो काचेचा नव्हता. निळ्या फायबरचा, तीन बोटं रुंद, एका कडेला गोलाई असलेला. तिने तो झग्याला पुसला. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीतून कापलेली दोन अक्षरं होती. 'ठसे'.

ती अक्षरं तिनेच कापली होती.

लॅबच्या अंगणात बुटक्या खांबावर एक निळी पेटी आहे. दवाखान्यांकडून येणारे दातांचे ठसे डिलिव्हरीवाला लॅब बंद असली की तिच्यात टाकून जातो. 'ठसे येथे ठेवा' असं ठकीनेच त्या पेटीवर चिकटवलं होतं. मागच्या वर्षी पेटीचा कोपरा फुटलेला दिसला तेव्हा तिने डिलिव्हरीवाल्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. तो बिचारा म्हणत राहिला, ताई, मी नाही, मी नाही.

आणि मग सोमवार आठवला. मंगळवारच्या आदला दिवस. तिची स्कूटर पंक्चर होती, म्हणून ती बाबांची गाडी घेऊन गेली होती. उशीर झालेला, एका डॉक्टरचे दोन फोन येऊन गेलेले. गाडी लावताना काहीतरी धाडकन वाजलं होतं. चाक कट्ट्याला लागलं असेल, असं म्हणून ती पुढे न पाहताच धावत आत गेली. संध्याकाळी घाईत गाडी मागे घेतली, घरी आणून भिंतीकडे तोंड करून लावली. दुसऱ्या दिवशी तिच्या मनात ते धाडकन एकदाही आलं नाही. एकदाही का आलं नाही, हे तिला आता कळेना. विसरले, असं म्हणणं फार सोयीचं वाटत होतं.

"काय झालं? बोट कापलं का?" मास्तरांनी विचारलं.

तुकडा खिशात टाकता आला असता. गाडी परवा जाणारच होती. तेवढा विचार तिच्या मनात येऊन गेला, हे तिने नंतर कबूल केलं. मग ती उठून त्यांच्यापुढे खाली बसली आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"दिवा मी फोडला, बाबा. तुम्ही नाही."

तिने सगळं सांगितलं. सोमवार, पेटी, आवाज. काही लपवलं नाही. मास्तरांनी तुकडा उलटून पाहिला, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"मी त्याला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"कोणाला?"

"बुद्धिबळवाल्याला. तू नेलंस तेव्हा. म्हटलं, बाबा रे, माझा अंदाज चुकायला लागलाय, पोरीने किल्ली काढून घेतली ते बरोबरच केलं. तो अंथरुणावरून म्हणाला, तुझा अंदाज? शक्यच नाही. मला वाटलं, माझं मन राखतोय." त्यांनी तुकडा मुठीत घेतला. "त्याचं खरं होतं म्हणायचं."

ठकीला रडू फुटलं. पन्नाशीच्या बाईसारखं नाही, पोरीसारखं, नाक गळेपर्यंत. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. जवळही घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आधी काम पुरं कर. वायरी उघड्या टाकून रडायचं नसतं."

तिने काम पुरं केलं. नवा बल्ब कागदात धरून बसवला, काचेला बोट लागू दिलं नाही, स्प्रिंग अडकवली, रबरी टोपी चढवली, प्लग, बोल्ट, बंपर, शेवटी काळी वायर. सूचना देणारं कोणी नव्हतं. मास्तर तो निळा तुकडा बोटांत फिरवत बसले होते. दिवे लावल्यावर समोरच्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडले, डावा जरा वर. तिने मागचा स्क्रू फिरवून तो खाली आणला. मग किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"गाडी विकायची नाही, बाबा. चालवा."

ते लगेच उठले नाहीत. मग उठले. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, आत बसले, आरसा नीट केला. ठकी शेजारी बसली. गाडी मागे अशी सुटली, की इंजिनचा आवाजही बदलला नाही. फाटकापाशी त्यांनी ब्रेक लावला. रस्त्यावरून एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. ती फाटकासमोरून गेली, कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली. गाडी तिथेच उभी.

"बाबा, ती गेली."

"गेलेली दिसली मला."

"मग?"

"पाय उचलत नाहीये." त्यांचे दोन्ही हात चाकावर होते, घट्ट. "तू म्हणालीस ना, एखाद्याचं पोर. आठ महिने रोज रात्री ते पोर मला दिसतं, ठके. मी कुठेही वळलो की तिथे असतं."

तिने सांगितलं की ते पोर कधी नव्हतंच. मास्तर म्हणाले, ते माहितेय. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि जागा बदलून घेतली.

पुढच्या महिन्यात तिने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दिवसा गाडी चालवायला काहीच हरकत नाही, डॉक्टरने लिहून दिलं. मास्तरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि येताना शेजारच्याच सीटवर बसले. ठकीने भावाला फोन करून खरं सांगितलं, तो म्हणाला, "असू दे गं, कधीतरी बंद करायचंच होतं." ते तिला स्वतःच्या चुकीपेक्षाही जास्त लागलं. समोरच्या बाईंना सांगितलं, दुकानदाराला सांगितलं. डिलिव्हरीवाल्याची सगळ्यांसमोर माफी मागितली, तर तो लाजला आणि म्हणाला, "मी विसरूनही गेलो, ताई."

मास्तरांची तर ती रोज माफी मागायची. जेवताना, भांडी विसळताना, मध्येच. एके दिवशी त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"रोज रोज माफी मागू नकोस. मला रोज रोज माफ करायचा कंटाळा येतो."

तेव्हापासून तिने तो शब्द काढला नाही. शनिवारी लॅब लवकर सुटते. ती गाडी बाहेर काढते, शेजारचं दार उघडून धरते आणि विचारते, कुठे जायचं?

"कुठेही चल," मास्तर म्हणतात.