चार किंवा

"गुरुजी, मी काऊन नाही?"

पाटीवर चारचा आकडा लिहून उभी असलेली रुख्मिणी अगदी रडकुंडीला आली होती. शाळेच्या अंगणात कडुनिंबापासून झेंड्याच्या खांबापर्यंत चऱ्हाट ताणलेलं होतं. त्याला हातहात अंतरावर चिंध्या बांधल्या होत्या, शून्य ते दहा. चारच्या चिंधीपाशी जमिनीवर एक हिरवी बांगडी ठेवलेली होती. पाच, सहा, सात अशा पाट्या धरलेली पोरं बांगडीच्या पलीकडे ऐटीत उभी होती.

"चारपेक्षा मोठे बोलावले ना," तुळशीराम गुरुजी म्हणाले. "तू तर चारच हायेस."

"चार दिवस झाले, रोज मीच बाहीर."

"मंग बस बांगडीत!" रंग्या म्हणाला आणि पोरं फिदीफिदी हसली.

गुरुजींनी टोपी मागं सारली. देऊळघाटाजवळच्या त्या वस्तीवरच्या शाळेत चारही वर्गांना ते एकटेच होते. सातवी पास झाल्यावर नोकरीला लागलेले. यंदा पुस्तकं बदलली होती. बुलढाण्याला तीन दिवसांचं शिबिर झालं, तिथून ते ही संख्यारेषा घेऊन आले होते. चऱ्हाट आणि बांगडी मात्र त्यांची स्वतःची.

"थांब. आज तुले बी घेऊ," असं म्हणून ते ओसरीवर फळ्यापाशी गेले, काही लिहून परत आले आणि उकिडवं बसून त्यांनी बांगडीत मूठभर माती काठोकाठ भरली. "पोकळ बांगडी, चार बाहीर. भरली बांगडी, चार अंदर. ये माय, उभी राह्य."

रुख्मिणीनं दोन्ही पाय जुळवले आणि ती बांगडीमागं उभी राहिली.

त्यांची मुलगी पुष्पा ओसरीत फळ्याकडे पाठ करून पुस्तक वाचत बसली होती. अकोल्याच्या हायस्कुलात ती गणित शिकवत असे. रजा संपली होती आणि दुपारची एसटी गाठायची होती. तिनं मान वर केली, भरलेली बांगडी पाहिली.

"बाबा, चुकीचं शिकवताय. चारपेक्षा मोठे म्हटल्यावर चार येत नाही. बांगडी पोकळच हवी."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं फळ्याकडे. ते पुन्हा उकिडवं बसले, बांगडीतली माती बोटांनी काढली आणि हात झटकले.

"ताई गणिताच्या मास्तरीन हायेत. त्या म्हणतात तसंच. रुख्मिणी, बाजूले हो माय. आता राहू द्या सारं, शनिवार हाये. सोमवारी पुढं पाहू."

पिशवी उचलायला पुष्पा वळली, तेव्हा तिला फळा दिसला. 'चारपेक्षा मोठे' या जुन्या अक्षरांच्या आधी, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, बारीक अक्षरांत नवीन लिहिलं होतं: 'चार किंवा'.

फाट्यापर्यंत पिशवी गुरुजींनीच धरली.

"तुही माय म्हणते, शाळा शिकवता का बांगड्या इकता?" ते हसले. "डब्यातली एक काढली त काय झालं? तुह्या शाळेत काय ठेवतात वं?"

"आम्ही फळ्यावर ठिपकाच काढतो, बाबा."

"हाव. तुमचा फळा मोठा असीन."

धूळ उडवत एसटी आली. "पोचली की कार्ड टाक," ते खालून म्हणाले.

रात्री तिनं कार्ड लिहिलं. सुखरूप पोचले, बाकी सर्व ठीक. खाली बरीच जागा उरली होती. तिनं लेखणी टेकवली, मग उचलली, आणि कार्ड तसंच टपालपेटीत टाकलं.

रविवारी सकाळी अंघोळीला पाणी काढताना गुरुजी विहिरीपाशी बसले ते उठलेच नाहीत. मंगळवारी पोस्टमननं कार्ड आणून दिलं, ते पुष्पाच्याच हातात.

पाचव्या दिवशी ती किल्ली घेऊन शाळेत गेली. गुरुजींचं सामान आणायचं होतं. अंगणात चऱ्हाट तसंच ताणलेलं होतं. कुणी हात लावला नव्हता. घरी आईच्या हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या, डबा बायांनी उचलून नेला होता. ही एक तेवढी इथं राहिली होती.

ताई आली म्हणताना वस्तीवरची पोरं एकेक करून जमली आणि कुणी न सांगता ओळीत बसली. रुख्मिणीच्या हातात पाटी होती.

"आता आमाले कोण शिकवीन?" तिनं विचारलं.

पुष्पानं ओसरीकडे बोट केलं. ती म्हणाली, "फळ्यावरचं वाच."

रुख्मिणीनं बोट फिरवत वाचलं, "चार किंवा चारपेक्षा मोठे."

"मग चार आत की बाहेर?"

रुख्मिणीनं आधी बांगडीकडे, मग ताईकडे पाहिलं. "अंदर," ती भीतभीत म्हणाली. "पण तुमी त म्हणलं..."

पुष्पा खाली बसली. बाबा बसायचे तशी, उकिडवी. मूठभर माती घेऊन तिनं ती बांगडीत घातली, काठापर्यंत सारखी केली. रुख्मिणी पाटी छातीशी धरून बांगडीमागं येऊन उभी राहिली.

"गुरुजींचं बरोबर होतं," पुष्पा म्हणाली. मग उभी राहून पुन्हा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गुरुजींचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं."