मालकिणीचा ढेकर

गाईंच्या ढेकरांनी आभाळ तापतं, असं दूधसंघाचा माणूस गोठ्यात येऊन सांगून गेला, तेव्हा सासूबाईंना हसू आवरेना. "म्हणजे आता गाईंनी ढेकरसुद्धा विचारून द्यायचे?" सुनेने मात्र मनावर घेतलं. ढेकर कमी करणारी भुकटी ती रोज गाईंच्या आंबोणात, भिजवलेल्या पेंडीत, कालवू लागली.

आज दुपारी ती गोठ्यात शिरली आणि दारातच थबकली. सगळ्यांत दुधाळ गाय, जिला घरात मालकीण म्हणत, मान ताणून, जीभ लोंबवून उभी होती. रवंथ बंद. डावी कूस टम्म फुगलेली. टिचकी मारली तर नगाऱ्यासारखी वाजली.

भुकटी! कमी करायला गेलो आणि ढेकर बंदच पाडले की काय? तिने रांगेकडे पाहिलं. बाकीच्या गाई निवांत रवंथ करत होत्या; भुकटी तर सगळ्यांनीच खाल्ली होती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "निघालेच. तोवर पुढचे पाय उंचावर घ्या, तोंडात आडवी काठी बांधा, चघळू दे. कूस चोळत राहा. आज खाल्लं काय?"

"रोजचंच. आणि ती भुकटी."

"आणि ओला लसूणघास, हिरवा चारा, मी घातला," मागून सासूबाई पुटपुटल्या. चेहरा पांढराफटक. "दोन टोपल्या. ढेकर देईना गं पहिल्यासारखी. वाटलं, पोटच भरत नाही तिचं."

"ओल्या घासानेच फुगली मग," ते ऐकून डॉक्टरीणबाई फोनवरून म्हणाल्या. "बसू देऊ नका. बसली तर अवघड आहे."

"अहो आई, मला विचारायचं तरी!"

"भुकटी घालताना तू विचारलं होतंस मला?"

भांडायला वेळ कुठे होता? काठी बांधली, माती ओढून पुढचे पाय उंच केले. दोघी कूस चोळू लागल्या. मालकिणीचा श्वास करवतीसारखा चालला होता. मध्येच तिचे मागचे पाय लटपटले आणि सुनेने सगळं अंग तिला टेकवलं. एवढं धूड आपल्यावर कोसळलं तर काय, हे तिला सुचलंही नाही.

"दे गं बाई," सासूबाई गाईच्या कानाशी लागल्या, "एकच दे. आभाळ तापू दे तापलं तर."

काठी करकर चावली गेली. घशाखाली काहीतरी गुरगुरलं, आणि आंबूस, गरम वाफ सुनेच्या तोंडावर आली. मग दुसरी. सून हुंदके देत चोळतच राहिली.

डॉक्टरीणबाई आल्या, नळी घातली, उरलेला वायू काढला. आजची रात्र लक्ष ठेवा, म्हणाल्या.

त्या गेल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "उद्या घालणार ती भुकटी?"

"घालणार."

"मग मला दाखवून घाल. मीही घास दाखवून घालीन."

चहाची वेळ टळून गेली. दोघींपैकी कुणीच कुशीवरचा हात काढला नाही.