खडखड थांबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकणारा नव्हे, भिंतीत बसवलेला. खोलीतली घाण हवा ओढायची आणि बाहेर फेकायची, एवढं एकच काम मला दिलं होतं. तेच काम मी चार महिने केलं नाही, आणि केल्याचं सोंग मात्र झकास वठवलं. आज तेच सांगायला तोंड उघडलंय. लाज वाटते, पण सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. चार रुंद पाती, ठिणगी उडू नये म्हणून पूर्ण बंद मोटार आणि पाठीवर पत्र्याच्या सात हलक्या झडपा. मी फिरलो की वाऱ्याने झडपा उघडायच्या, थांबलो की पडायच्या. कारखान्यात तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्या जाळीसमोर कागदाचा एक तुकडा धरला. तो जाळीला चिकटून बसला. "ओढतोय," त्या म्हणाल्या आणि माझ्यावर शिक्का मारला. त्या दिवशी मला वाटलं होतं, झालं, आता आयुष्यभर हेच करायचं.

मी आलो तो एका सामायिक कार्यशाळेत. एकच लांबलचक शेड आणि त्यात सहा कारागीर. कुणी खुर्च्या करायचं, कुणी खेळणी, कुणी चौकटी. शेडच्या किल्ल्या सगळ्यांत वडील असलेल्या मिस्त्रींकडे असत, म्हणून भांडणंही त्यांच्याकडेच येत. आणि मी यायच्या आधीपासूनचं, सगळ्यात जुनं भांडण होतं पॉलिशचं.

पॉलिश करायची ती मावशी. सगळ्यांचीच मावशी. हात असा की तिने पुसलेल्या लाकडात तोंड बघून भांग पाडावा. पण तिला जागाच नव्हती. रंध्याजवळ बसली तर ओल्या पॉलिशवर भुसा. वाटेत बसली तर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बाह्या. अंगणात बसली तर चिलटं. एका टेबलावर तर एक माशी कायमची मुक्कामाला राहिली. गिऱ्हाईक म्हणालं, नक्षी छान जमलीये! शेवटी तिला बिनखिडकीच्या सामानाच्या खोलीत ढकललं, तर तासाभरात ती लालबुंद डोळ्यांनी बाहेर आली. शिवाय लेथवर लाकूड कातणारा कातारी तिच्यावरच ओरडला, "अगं मावशी, तुझ्या त्या वासाने माझं डोकं भणभणतंय!"

"मग मी काय छपरावर जाऊन पॉलिश करू?" मावशी म्हणाली आणि खरंच शिडी शोधायला लागली.

तेव्हा कुठे मिस्त्री हलले. मागचा कोपरा रिकामा झाला. जाड प्लास्टिकचा पडदा लागला, तेलकट चिंध्यांसाठी झाकणाचा डबा आला आणि भिंतीत मी. नियमही ठरला: मावशी पॉलिशचा फवारा हातात घेईल तेव्हा कुणी लाकूड घासायचं नाही, आणि माझ्याशिवाय फवारा सुरू करायचा नाही. रोज कुणीतरी विचारायचं, "पंखा चालू आहे ना?" आणि कातारी कावून म्हणायचा, "कान गेलेत का? खडखड ऐकू येत नाही?"

ती खडखड माझ्या झडपांची होती. वारा बाहेर जाताना त्या सातही जणी एकमेकींवर आपटायच्या. कातारीच्या ती डोक्यात जायची. मावशीला मात्र भरवसा वाटायचा. आधी ती नाकातोंडावर वास गाळणाऱ्या दोन डब्यांचा मास्क बांधायची. एक दिवस तिने तो खिळ्याला अडकवला. "एवढा धिप्पाड पंखा असताना हे थोबाडाला कशाला बांधू?" माझी छाती फुगली, मित्रांनो. तिथेच माझं चुकायला लागलं.

फवाऱ्याचं धुकं माझ्यातूनच बाहेर जायचं. जाताना थोडंसं झडपांवर बसायचं, वाळायचं, त्यावर दुसऱ्या दिवशीचं बसायचं. माझी जाळी मावशी दर आठवड्याला पुसायची. झडपा बाहेरच्या अंगाला, गल्लीच्या बाजूला. तिथे कोण जातंय? हळूहळू त्या चिकट झाल्या. मग एका सकाळी मी फिरलो आणि एकही झडप उघडली नाही. वार्निशने सातही घट्ट चिकटल्या होत्या.

खडखड थांबली. कातारीने लेथ बंद करून कान दिला. "वा! सुधारला की हा!"

मिस्त्री म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? नवीन वस्तू रुळायला वेळ लागतो."

आणि मावशीने माझी चौकट थोपटली. "शहाणं गं माझं लेकरू."

मला ठाऊक होतं. वारा बंद झडपांवर आदळून कडेकडेने परत तिच्याच तोंडावर जात होता, ते मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. मला बोलता येत नाही, हे खरं. पण माझा एक स्क्रू सैल होता. दाबाने चौकट थरथरायची आणि तो वाजू पाहायचा. तो मी वाजू दिला असता तर कातारीनेच वैतागून शिडी लावली असती. मी अंग आवळून तो गप्प ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा सगळेच माझं कौतुक करत होते हो. उद्या झडपा सुटतील आपोआप, असं मी रोज स्वतःला सांगत राहिलो.

मावशीचं डोकं दुखायला लागलं. चहा निवून जायचा. तिचा आणि कातारीचा एक जुना खेळ होता: ती डोळे मिटायची, तो लाकडाचा छिलका तिच्या नाकाशी धरायचा आणि ती लाकूड ओळखायची. साग, पाइन, अक्रोड, एकदाही चुकली नव्हती. त्या दुपारी तिने दोनदा श्वास ओढला. "कसला रे हा? याला वासच नाही."

"सर्दी झालीये तुला," कातारी हसला. सगळे हसले. मी नुसता गरगरत राहिलो.

पुढच्याच आठवड्यात कपाटांची बारा दारं आली. मावशीने दुपारभर फवारा मारला. आठव्या दाराशी ती भिंतीला टेकली आणि हळूच खाली बसली. फवारा हातातून सुटला. त्याचा आवाज थांबला म्हणून कातारीने पडदा बाजूला केला आणि वासाच्या भपक्याने दोन पावलं मागेच आला. मग श्वास धरून आत घुसला. त्याने आणि मिस्त्रींनी तिला उचलून अंगणात नेलं. गाडीसाठी मागचं फाटक उघडायला मिस्त्री गल्लीत धावले आणि त्यांची नजर वर गेली. मी जोरात फिरत होतो. झडपा मिटलेल्या.

"अरे, हा नुसताच फिरतोय!" ते ओरडले. "हवा बाहेर जातच नाहीये!"

कातारी मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "आणि मी म्हटलं, सुधारला," तो म्हणाला. तेच वाक्य त्याने तीनदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या सातही झडपा काढल्या आणि एकेक घासून साफ केली. एकटाच बसला होता, कुणाला हात लावू देईना.

मावशी वाचली. महिन्याने आली. फवारा आता कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि वास गेला तो परत आला नाही. कातारीने सवयीने छिलका उचलला, मग ओशाळून हात मागे घेतला. "दे इकडे," मावशी म्हणाली. तिने छिलका बोटांत चुरला, बराच वेळ. "अक्रोड," ती म्हणाली. बरोबर होतं. कातारी तोंड फिरवून उगीच हत्यारं लावत बसला.

मग ती माझ्यासमोर आली. भिंतीतून निखळून पडावं असं वाटलं मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, स्टुलावर चढली आणि ती जाळीसमोर धरली. पट्टी चिकटली. "ओढतोय," ती म्हणाली. बस, एवढंच.

आता पॉलिश तिची सख्खी भाची करते. मास्क खिळ्यावर नसतो, तिच्या तोंडावर असतो. आधी कागद लावून बघायचा, मगच फवारा. दर आठवड्याला झडपा पुसायच्या, त्याही गल्लीत शिडी लावून. माझी खडखड क्षणभर थांबली तरी कातारी लेथ सोडून धावत येतो.

मावशी पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसते. परवा भाचीने आतून सहज विचारलं, "मावशी, बाहेर वास येतोय का गं?"

कातारीने हातातलं काम सोडून मान वर केली. आतल्या भाचीलाही आपण काय विचारलं ते कळलं असावं, फवारा थांबला. मावशीने पडद्याच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं.

"कागद चिकटलाय," ती म्हणाली. "म्हणजे नसेल येत. चालू दे तुझं."

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी भिंतीत असेल. त्याच्या आवाजावर जाऊ नका, आणि शांत चालतो म्हणून त्याची पाठ तर मुळीच थोपटू नका. रोज एक कागद धरून बघा. मावशीचं नाक मी खाल्लं आहे. आता ती माझ्या जाळीवरच्या कागदाकडे बघून भाचीला हो म्हणते, आणि मी तो कागद जिवाच्या आकांताने धरून ठेवतो.