काचेने गिळलेला आवाज

हलक्या आवाजात उच्चारलेला शब्द ज्याच्यासाठी होता त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर तो जातो कुठे, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

आन्सेल्म कुर्तियाल यांनी फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या एका प्रयोगशाळेत आयुष्यभर अतिशीत काचेतून ध्वनी पाठवला. पावलांच्या कंपनानेही ती काच तापते, म्हणून तिथे सगळे लोकरीच्या सपाता घालून वावरत आणि कुजबुजत बोलत. फार वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या एलियान तिसो यांना आढळले, की इतक्या थंडीत काच मोठा आवाज सुखरूप पार जाऊ देते आणि हलका आवाज गिळून टाकते. कुर्तियाल यांनी प्रयोगशाळेच्या चौकशी समितीपुढे ठासून सांगितले, की हा काचेचा गुण नव्हे, काचेला यंत्र चिकटवताना बाईंनी गोंदाचा थर जाड लावला आहे. बाईंची नोकरी गेली. पुढे तोच शोध कुर्तियाल यांच्या नावाने छापून आला, आणि दर रविवारी चर्चमध्ये ते पहिल्या रांगेत बसत राहिले.

मग एका हिवाळ्यात, काच थंड होत असताना, बाईंच्या काळापासून यंत्रे सांभाळणारा ल्यूसियाँ त्यांच्याकडे पाहत कुजबुजला, "माशासारखे नुसते ओठ हलवताय, साहेब. काही बोललात, की श्वास घेतलात?"

"झडप बंद कर म्हणालो. कान तपासून घे."

पण त्याला तेही ऐकू गेले नाही. मग पाववालीला ऐकू जाईना, प्रार्थनेच्या वेळी शेजारच्यालाही ऐकू जाईना. मोठ्याने बोलले की सगळ्यांना स्वच्छ ऐकू येई. हलका शब्द तेवढा ओठांपाशीच नाहीसा होई. डॉक्टरांना घशात काही सापडले नाही.

अशात तिसोबाई मरणाच्या वाटेवर असल्याची बातमी आली. देवाची क्षमा केव्हाही मागता येते, बाईंची मात्र त्या आहेत तोवरच, हे कुर्तियाल जाणून होते. ते इस्पितळात गेले. दालनात खाटेला खाट लागून होती. बाईंच्या उशाशी ल्यूसियाँ बसला होता.

"या," बाई म्हणाल्या. "वाट चुकलात वाटतं?"

त्यांच्या कानाशी वाकून कुर्तियाल यांनी सारे सांगितले. शोध तुमचा होता, मी तो चोरला, मला क्षमा करा.

बाईंनी कान आणखी पुढे केला. "बोला ना. मरणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवू नये."

त्यांनी पुन्हा सांगितले. बाईंची नजर त्यांच्या ओठांवरून हलली नाही.

"मोठ्यानं बोला, साहेब," ल्यूसियाँ म्हणाला. "समितीपुढे छान जमलं होतं की तुम्हाला."

आजूबाजूच्या खाटांवरचे चेहरे वळले. कुर्तियाल ताठ झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "यंदा थंडी फार आहे."

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले. त्या आठवड्यातच त्या गेल्या.

दफनानंतर कुर्तियाल चर्चमध्ये गुडघे टेकून बसले. इतकी वर्षे हात जोडताच त्यांच्या आत कोणीतरी श्वासाइतक्या हलक्या आवाजात एकच शब्द म्हणत असे, चोर. त्या शब्दाने त्यांची झोप नासली होती. आज ते त्याची वाट पाहत बसले. गुडघे बधिर झाले, मेणबत्त्या विझवून झाल्या, तरी आत कोणीही काही बोलले नाही.

घरी येऊन त्यांनी सूप दुसऱ्यांदा वाढून घेतले. त्या दिवसापासून अखेरपर्यंत त्यांना फार गाढ झोप लागत असे.