लाल फितीची पाच झाडं

पाच झाडं मोजायची, सहावं नाही, असा वरून हुकूम होता. त्या सालच्या कोरड्या श्रावणात मी दर गुरुवारी आर्णीपलीकडच्या एका गावी, शकुबाईच्या वावरात जायचो. तिच्या कपाशीच्या पऱ्हाटीतल्या पाच झाडांना सरकारी लाल फीत बांधलेली. त्यांची उंची आणि पात्या, म्हणजे कळ्या, मोजून आकडे ऑफिसात पाठवायचे. वाढ खुंटलेली दिसली तर गाव दुष्काळाच्या यादीत, म्हणजे टँकर आणि चारा. नाहीतर बसा बोंबलत.

कृषी खात्यातल्या अठरा वर्षांच्या नोकरीत सहाव्या झाडाकडे बघायची माझी हौस केव्हाच फिटली होती. पट्टी लावली, आकडा लिहिला, सुटलो. तीन गुरुवार असेच गेले.

चौथ्या गुरुवारी चपलेचा अंगठा तुटला म्हणून बांधावर टेकलो, तेव्हा कुठे वावरभर नजर गेली. सगळी पऱ्हाटी गुडघ्याशीच अडकलेली, पानं लोंबलेली, खाली गळलेल्या पात्यांचा सडा. पाणी नसलं की झाड आधी लेकरं टाकतं आणि जीव वाचवतं. मधोमध माझी पाच मात्र कमरेएवढी, मांडवातल्या करवल्यांसारखी फुललेली.

"शकुबाई, हे काय?"

"पाणी घालून राह्यली ना मी. हापशीवरून आणून, रोज एकेक लोटा."

"अवो, पण काहून?"

"तुमचे झाडं हायेत ते. वाळले असते तं तुमाले वरून बोलणं बसलं असतं."

मी कपाळावर हात मारला. ओरडणार होतो, पण कोणावर? तीन आठवडे गावाचं पीक झकास असल्याचं मीच सहीनिशी कळवत होतो. ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं, गेलेला आकडा बदलत नाही. पुढचा पाठवा, फितीच्याच झाडांचा.

परत येऊन तिला सांगितलं, "पाणी बंद करा. गावाला टँकर हवा असेल तर."

"म्हंजे पोसलेलं मारायचं," ती म्हणाली. लोटा तिने उचलून घरात नेला.

पुढच्या गुरुवारी तीच पाच आधी वाळली. बाकीची पऱ्हाटी खुरटी का होईना, उभी होती. तहानेने तिची मुळं खोल गेली होती; या पाचांना वरच्यावर ओल मिळाली, त्यांची मुळं वरच राहिली. त्यात आताशा रात्रीही तापतात, झाडाला सावरायला थंडावा मिळत नाही. हे सगळं मला पाठ होतं. पाणी बंद करा म्हणताना आठवलं नाही, इतका मी थकलो होतो.

आकडे गेले, गाव यादीत लागलं, टँकर आला. लोकांनी मला पारावर चहा पाजला. तिथून शकुबाईकडे गेलो. तिने फिती सोडून, धुऊन, घडी घालून ठेवल्या होत्या. त्या माझ्या हातात दिल्या.

"आता दुसऱ्याच्या वावरात बांधा. माह्या वावरात नोका."

मी गाडीला किक मारली तशी ती मागून आली.

"साहेब, तुमाले बोलणं तं नाही ना बसलं?"

"नाही," म्हणालो. बसायला हवं होतं.